आरओच्या रिजेक्टमधून शेतीसाठी पाणी परत मिळवणं कुठवर शक्य आहे?

काळीमाती

खारपाणपट्ट्यातल्या (अकोल्याकडचा भाग) बोअरच्या पाण्यावर २० गुंठ्यांचं पॉलिहाऊस, पीक ढोबळी मिरची. आरओ प्लांट ताशी १००० लिटरचा. म्हणजे बोअरचं २००० लिटर पाणी आत जातं, १००० गोडं होऊन मिळतं आणि १००० रिजेक्ट. दिवसाला ६ तास चालवला तर ६००० लिटर खारं पाणी उरतं.

प्रयोगशाळेचा अहवाल (मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर, पुढे नुसतं मिई):
सोडियम २८, कॅल्शियम ३, मॅग्नेशियम ५
बायकार्बोनेट १२, क्लोराइड १८, सल्फेट ६
ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे खारटपणाचं माप) ३.६, सामू ७.८, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर २३००, सिलिका ३५ मिग्रॅ/लि.

प्रश्न असा की या ६००० लिटरमधलं आणखी किती पाणी सिंचनासाठी परत काढता येईल, कशानं, आणि शेवटी जे उरेल त्याचं काय करायचं? रिजेक्ट बांधाबाहेर नाल्यात सोडायचं नाही, हे आधीच ठरलं आहे.

वाफसा

अहवाल जोडलात हे उत्तम केलंत. नुसता टीडीएस सांगून हा प्रश्न सुटत नाही.

आधी या अहवालातून निघणारे दोन आकडे. एसएआर (सोडियमचा जोर) म्हणजे सोडियम भागिले कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या निम्म्याचं वर्गमूळ. २८ भागिले √४, म्हणजे १४. आरएससी (उरणारं बायकार्बोनेट) म्हणजे बायकार्बोनेट वजा कॅल्शियम-मॅग्नेशियम, १२ वजा ८, म्हणजे ४. आरएससी अडीचच्या वर गेला की ते पाणी सिंचनाला अयोग्य धरतात. तुमचं मूळ पाणीच त्या रेषेच्या वर आहे.

आता रिजेक्ट. पाणी दुप्पट दाट झालं की सगळे क्षार दुप्पट होतात, पण एसएआर √२ पटीनं वाढतो. तेव्हा रिजेक्टचा एसएआर सुमारे २०, आरएससी ८, ईसी सातच्या आसपास. हे पाणी काळ्या जमिनीला एक थेंबही देऊ नका.

सागरगोटा

एक थेंबही नाही, हे जरा टोकाचं वाटतं. ब्राझीलच्या ईशान्य भागात खाऱ्या बोअरवर आरओ बसवून त्याचं रिजेक्ट आधी तिलापिया माशांच्या तळ्यात सोडतात. तळ्यातलं पाणी मग ॲट्रिप्लेक्स या क्षार सोसणाऱ्या झुडपाला देतात आणि त्याचा चारा शेळ्या-मेंढ्यांना जातो. २००४ पासून तिथल्या सरकारी कार्यक्रमाचाच हा भाग आहे. दुबईच्या क्षारशेती केंद्रातही रिजेक्टवर मासे आणि सॅलिकोर्निया (खाऱ्या पाण्यावर वाढणारी वनस्पती) घेतात. पाणी परत काढण्याआधी ते आहे तसं वापरता येतं का, हे बघायला हवं.

चोपण

@सागरगोटा, ते प्रयोग खरे आहेत, पण जमीन बघा. ॲट्रिप्लेक्स आणि सॅलिकोर्निया जगतात ते निचरा होणाऱ्या, बहुतेक वाळूमिश्रित जमिनीत. इथली, अकोल्याकडच्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातली माती खोल, चिकण, फुगणारी. तिथे अडचण अशी:

खारं पाणी देत असता तोवर जमीन बरी दिसते, कारण पाण्यातल्या जास्त क्षारांमुळे चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात. सोडियम मात्र आत साचत असतो. मग मृगाचा पाऊस येतो. पावसाच्या पाण्यात क्षार नाहीत, त्यामुळे ईसी एकदम खाली येतो, पण मातीला चिकटलेला सोडियम जागचा हलत नाही. कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, वर पाणी साचतं आणि जमीन चोपण होते. नुकसान उन्हाळ्यात होतं आणि दिसतं पावसाळ्यात. म्हणून एका हंगामाचा प्रयोग बघून हुरळून जाऊ नये.

जिप्समनं रिजेक्ट सुधारता येईल का, हा पुढचा प्रश्न येईलच. १ मिई कॅल्शियमला लिटरमागे ८६ मिग्रॅ शुद्ध जिप्सम लागतं. नुसता आरएससी ८ वरून शून्यावर आणायला ६८८ मिग्रॅ, म्हणजे ६००० लिटरला दिवसाकाठी ४ किलोच्या वर, तेही शुद्धतेची तूट न धरता. एवढं करून ईसी कमी होत नाही, उलट वाढतो.

पडदापंप

मूळ प्रश्नाकडे येतो. रिजेक्टमधून पाणी काढायचा सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे दुसरी पायरी: पहिल्या प्लांटचं रिजेक्ट दुसऱ्या मेंब्रेन (क्षार अडवणारा पडदा) संचाला द्यायचं.

दुसऱ्या पायरीत ५० टक्के पाणी काढलं तर एकूण १५०० लिटर गोडं आणि ५०० लिटर ब्राइन (दाट खारं पाणी), म्हणजे ७५ टक्के. क्षार चौपट दाट. कागदावर छान दिसतं.

सामान असं लागेल:
– ४०४० आकाराचे (४ इंच व्यास, ४० इंच लांब) ३ ब्रॅकिश, म्हणजे मध्यम खाऱ्या पाण्याचे मेंब्रेन, एकापुढे एक जोडलेले. प्रत्येकाचं क्षेत्र सुमारे ७.९ चौ.मी.
– ३०० पीएसआय (२१ बार) क्षमतेची एफआरपी (फायबरग्लास) हाउसिंग, म्हणजे मेंब्रेन बसवायची नळी.
– २ एचपीचा उभा मल्टिस्टेज पंप, एसएस ३१६ चा. ३०४ प्रतीचं स्टील या क्लोराइडला टिकत नाही, आधी वेल्डपाशी आणि सीलखाली टोचे पडतात.
– पहिल्या प्लांटचा रिजेक्ट व्हॉल्व्ह तिथून काढून दुसऱ्या पायरीच्या शेवटी न्या. पहिल्या प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या रिजेक्टला ८-१० बार दाब शिल्लक असतो. तो टाकीत सोडून वाया घालवू नका. पंपाला त्यावर थोडीच भर घालावी लागेल. मात्र एवढा दाब सक्शनला चालणारा पंप आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. साध्या पंपाचं मेकॅनिकल सील यात जातं.

७५०० टीडीएसच्या पाण्याचा परासरण दाब (गोडं पाणी काढायला आधी ओलांडावा लागतो तो) ५ बारच्या आसपास. नव्या मेंब्रेनला १०-११ बार पुरेल, पण निवड करताना १५ बार धरा. मेंब्रेन जुना होतो, दाब वाढवावा लागतो.

काळीमाती

@पडदापंप, तुम्ही ७५ टक्के म्हणता, पण दाबाच्या हिशोबात ७५०० टीडीएस धरलात. चौपट म्हणजे ९००० च्या वर जाईल ना?

पडदापंप

बरोबर पकडलंत. ७५०० धरलं कारण ७५ टक्क्यांवर चालवायला मीही सांगणार नाही. आरओच्या मेंब्रेनला ९००० टीडीएसचा दाब जड नाही. अडतं ते आत जमणाऱ्या खड्यावर, म्हणजे क्षारांच्या कठीण थरावर. त्यातले जाणकार इथे आहेत.

गारगोटी

सिलिका! अहवालात ३५ दिसली तेव्हाच लिहायला बसलो.

सिलिका साधारण २५ अंशांना लिटरमागे १२० मिग्रॅपर्यंत विरघळलेली राहते. ३५ ची चौपट १४०. म्हणजे ७५ टक्क्यांवर तुम्ही रेषेच्या पलीकडे. ७० टक्क्यांवर दाटपणा ३.३ पट, सिलिका ११५ ते ११७. बोअरचं पाणी मेंब्रेनपर्यंत येताना कोमट असतं, त्यामुळे थोडी सवड मिळते. पण हिवाळ्यात वरच्या टाकीत रात्रभर थंड झालेलं पाणी पहाटे प्लांटला दिलं तर ती सवड जाते. टाकीतून नको, थेट बोअरवरून चालवा.

चुन्याचा खडा आम्लानं निघतो, सिलिकाचा निघत नाही. अल्कधर्मी द्रावणानं, सामू ११-१२ वर, ३०-३५ अंश तापमानात बराच वेळ फिरवून थोडाफार सुटतो, आणि तोही ताजा असेल तर. एकदा घट्ट बसला की मेंब्रेन बदलणं आलं.

तेव्हा ७० टक्के. दुसऱ्या पायरीत १००० मधून ४०० लिटर घ्या आणि ६०० सोडा.

सामू

सिलिकाशी सहमत. चुन्याचा हिशोबही करून टाकू. लँगेलियर निर्देशांक (शून्याच्या वर जितका जास्त, तितका चुन्याचा खडा बसण्याचा कल जास्त) मूळ पाण्यात सुमारे ०.७, पहिल्या रिजेक्टमध्ये १.६, ७० टक्क्यांवर २ च्या वर. चांगल्या अँटिस्केलंटनं (खडा रोखून धरणारं रसायन) १.८ ते २.५ पर्यंत निभावतं असं कंपन्या सांगतात. पण रोज बंद-चालू होणाऱ्या शेतावरच्या प्लांटला ती वरची मर्यादा वापरू नये.

आम्ल द्यावं लागेल.

वाफसा

आम्लाचा खर्च बघा पण. १२ मिईपैकी ८ मिई बायकार्बोनेट मारायचं तर २००० लिटरला १६ इक्विव्हॅलंट आम्ल, म्हणजे बाजारातलं हायड्रोक्लोरिक ताशी दीड लिटर. रोजचं ९ लिटर. परवडणार नाही, आणि तेवढे कॅन शेतावर ठेवणं धोक्याचं.

सामू

@वाफसा, बायकार्बोनेट मारायचंच नाही. सामू खाली आणायचा, एवढंच.

पहिल्या रिजेक्टमध्ये बायकार्बोनेट सुमारे २४ मिई, सामू ८.०५. त्यात फक्त २ मिई आम्ल घातलं तर २ मिई कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाइप बंद आणि दाबाखाली असल्यानं तो उडून जात नाही, पाण्यातच राहतो. सामू थेट ७.३ वर येतो आणि शेवटच्या ब्राइनचा निर्देशांक दीडच्या आत राहतो.

१००० लिटरला २ इक्विव्हॅलंट म्हणजे ७३ ग्रॅम शुद्ध आम्ल, बाजारातलं ३० ते ३३ टक्क्यांचं साधारण २०० मिली ताशी. दिवसाला सव्वा लिटरच्या आत. मात्र डोस पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मधे, पंपाच्या सक्शनपाशी द्या, आणि त्या जागी ८-१० बार दाब आहे हे लक्षात ठेवून डोसिंग पंप निवडा. नेहमीचा ४ बारचा तिथे थेंबही ढकलणार नाही.

पातळ करताना पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी कधीही नाही. हातमोजे, चष्मा आणि शेजारी साध्या पाण्याचा नळ हवाच.

हा कार्बन डायऑक्साइड मेंब्रेनमधून गोड्या पाण्यातही उतरतो, म्हणून दुसऱ्या पायरीच्या पाण्याचा सामू साडेपाच-पावणेसहा दिसेल. घाबरू नका. टाकीत उंचावरून, फवाऱ्यासारखं पडू द्या, बराचसा उडून जाईल. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप तेवढा टाळा.

वाफसा

पटलं. बंद पाइपचा मुद्दा माझ्या हिशोबात नव्हता.

मीठभाकर

अँटिस्केलंट दोन्ही पायऱ्यांना वेगळं द्यायचं का?

पडदापंप

सहसा नाही. ते मेंब्रेनमधून पार होत नाही, पाण्याबरोबर तेही दाट होतं. सुरुवातीला ३-४ पीपीएम दिलं, म्हणजे २००० लिटरला ताशी ६ ते ८ ग्रॅम, तर दुसऱ्या पायरीत ते आपोआप दुप्पट होऊन पोचतं. सिलिका बघता सिलिकासाठीचंच अँटिस्केलंट मागा, साधं चुन्याचं नको. पातळ केलेलं द्रावण आठवड्याच्या वर ठेवू नका. आणि पाणी निवळायला कुठे तुरटी वापरत असाल तर ती बंद करा. तिचं ॲल्युमिनियम अँटिस्केलंटशी मिळून चिकट थर देतं.

अजून एक राहिलं. ४०४० मेंब्रेनमधून बाहेर पडणारं खारं पाणी ताशी ७०० लिटरच्या खाली जाऊ नये, नाहीतर आतला वेग पडतो आणि क्षार पृष्ठभागालाच साचतात. आपण ६०० सोडतोय. म्हणून ब्राइनमधलं ४०० लिटर पुन्हा पंपाच्या सक्शनला फिरवा. मेंब्रेनमधून १४०० जातं, ४०० गोडं निघतं, १००० पुढे येतं, त्यातलं ४०० मागे आणि ६०० बाहेर. मागे फिरणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या, दोन्ही वाटांवर स्वतंत्र रोटामीटर (प्रवाह दाखवणारं मीटर) बसवा. अंदाजानं व्हॉल्व्ह फिरवून हे जमत नाही.

फ्यूजवायर

लोडशेडिंगचं काय? शेतीच्या फीडरवर वीज न सांगता जाते. ७० टक्क्यांवर चालणारा प्लांट मधेच थांबला तर दाट ब्राइन मेंब्रेनमध्ये तसंच उभं राहतं. अँटिस्केलंट खडा थांबवत नाही, लांबवतं. चालू पाण्यात ते पुरतं, चार तास उभ्या पाण्यात पुरत नाही.

उपाय स्वस्त आहे. ३-४ मीटर उंचीवर ५०० लिटरची टाकी, तिच्यात कायम आरओचं गोडं पाणी. तिथून दुसऱ्या पायरीच्या तोंडाशी एक पाइप, त्यावर एकमार्गी व्हॉल्व्ह आणि वीज नसताना उघडा राहणारा सोलेनॉइड (विजेनं उघडझाप होणारा व्हॉल्व्ह). विकत घेताना हेच तपासा, वीज नसताना बंद राहणारा इथे निरुपयोगी. ब्राइनच्या बाजूलाही तसाच एक बायपास हवा. वीज गेली की दोन्ही उघडतात आणि गोडं पाणी गुरुत्वानं ब्राइन ढकलून देतं. टाकीला फ्लोट लावून २०० लिटर गेल्यावर थांबेल असं करा.

गोड्या पाण्याच्या मुख्य टाकीची नळीही बघा. ती उंचावर असेल आणि मधे एकमार्गी व्हॉल्व्ह नसेल तर प्लांट थांबल्यावर टाकीतल्या पाण्याचा दाब मेंब्रेनवर उलटा येतो. ०.३ बार, म्हणजे ३ मीटर उंचीसुद्धा मेंब्रेनचे थर सोलायला पुरते.

काळीमाती

हे सोलेनॉइडचं कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हतं. नोंद केली.

सौर ऊर्ध्वपातनाबद्दल काय मत आहे? काचेखाली तापवून वाफ धरायची. ऊन भरपूर आहे.

सूर्यचूल

ऊन भरपूर आहे, पण पाण्याची वाफ करायला लागणारी ऊर्जाही भरपूर आहे. १००० लिटर पाण्याची वाफ करायला सव्वासहाशे युनिटांएवढी उष्णता जाते. तेवढंच पाणी दुसऱ्या पायरीच्या आरओनं काढायला ३ युनिटांच्या आसपास. काचेच्या साध्या सौर संचाला चौरस मीटरमागे दिवसाला ३-४ लिटर मिळतात. २००० लिटर हवं तर ५०० चौ.मी.च्या वर काच लागेल. रोपवाटिकेला किंवा बॅटरीला रोज २०-३० लिटर हवं असेल तर जरूर करा, सिंचनाला नाही.

कारखान्यातले वाफ दाबून तीच उष्णता पुन्हा वापरणारे संच १००० लिटरला २० युनिटांच्या आसपास आणतात. पण ते कापडप्रक्रिया किंवा रसायन उद्योगाला परवडतात, मिरचीला नाही.

शंखपुष्पी

दक्षिण ऑस्ट्रेलियात पोर्ट ऑगस्टाला समुद्राचं पाणी सौर मनोऱ्याच्या उष्णतेनं गोडं करून २० हेक्टर काचघरात टोमॅटो घेतात, तिथे कसं जमलं मग?

सूर्यचूल

तिथे तोच मनोरा वीज करतो, हिवाळ्यात काचघर गरम ठेवतो आणि पाणीही देतो. उष्णता तीन ठिकाणी वापरली जाते. शिवाय उरलेलं खारं पाणी टाकायला जवळ समुद्र आहे. अकोल्याला त्या दोन्हीतलं काही नाही.

निचरा

सगळे पाणी काढण्यावर बोलताहेत, मिठावर कुणीच नाही.

२३०० टीडीएस म्हणजे १००० लिटरमागे २.३ किलो क्षार. दिवसाला १२,००० लिटर उपसा, वर्षाचे ३०० दिवस, ३६ लाख लिटर. क्षार सव्वाआठ टन! आरओनं क्षार नाहीसे होत नाहीत, फक्त कमी पाण्यात गोळा होतात. हे सव्वाआठ टन कुठे ठेवणार, हे आधी ठरवा आणि मगच मेंब्रेनची ऑर्डर द्या.

जुन्या कोरड्या बोअरमध्ये सोडायचा सल्ला मिळेल. तो अजिबात ऐकू नका. तेच पाणी तुमच्या आणि शेजाऱ्याच्या बोअरला परत येणार. शिवाय विहिरीत किंवा ओढ्यात दूषित पाणी सोडायला १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानं मनाई आहे.

उरतो बाष्पीभवन तलाव. त्याचं गणित: पॅनवरचं (हवामान केंद्रातल्या मोजणीच्या पात्रातलं) वार्षिक बाष्पीभवन २२०० मिमी धरू (जवळच्या कृषी हवामान केंद्राचा आकडा घ्या), तलावासाठी गुणिले ०.७, खाऱ्या पाण्यासाठी गुणिले ०.९. आले सुमारे १३९० मिमी. त्यातून तलावावर पडणारा पाऊस ७५० मिमी वजा. निव्वळ ६४० मिमी. म्हणजे एका चौरस मीटरवर वर्षाला ६४० लिटर.

तुम्हाला वर्षाला १८ लाख लिटर गोडं पाणी हवं:
५० टक्क्यांवर रिजेक्ट १८ लाख लिटर, तलाव २८ गुंठे.
७० टक्क्यांवर ब्राइन ७.७ लाख लिटर, तलाव १२ गुंठे.

२० गुंठ्यांच्या पॉलिहाऊसला २८ गुंठ्यांचा तलाव! दुसऱ्या पायरीचा खरा फायदा इथे आहे. ७० टक्क्यांवर उपसाही २५.७ लाख लिटरवर येतो, म्हणजे क्षारही सहा टनांच्या आत.

तलाव उथळ, मीटर-दीड मीटरचा. खाली ५०० मायक्रॉन एचडीपीईच्या (प्लास्टिक) कापडाचे दोन थर, मधे वाळूत सच्छिद्र पाइप एका कोपऱ्यातल्या चेंबरला आणलेला. चेंबरात पाणी दिसलं की वरचा थर फाटला. एकाच थरावर भागवू नका.

सॅनहोकिन

तलावाबद्दल कॅलिफोर्नियातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. सॅन होकिन खोऱ्यातल्या शेतांचं निचऱ्याचं खारं पाणी केस्टरसनच्या तळ्यांत साठवत. त्यात मातीतून आलेलं सेलेनियम दाट होत गेलं आणि १९८३ साली तिथे पाणपक्ष्यांची विकृत पिल्लं सापडली. मिठावर सगळ्यांचं लक्ष होतं, घात केला तो नगण्य वाटणाऱ्या घटकानं.

तुमच्याकडे सेलेनियम असेलच असं नाही, पण बोरॉन आणि फ्लोराइड जरूर तपासा. बोरॉन नेहमीच्या सामूला आरओच्या मेंब्रेनमधून बऱ्यापैकी पार होतो, कारण तो विद्युतभारित नसतो. इस्राएलमध्ये समुद्राचं पाणी गोडं करून शेतीला द्यायचं म्हणून बोरॉनसाठी वेगळी पायरी लावावी लागली. बेरियम आणि स्ट्रॉन्शियमही एकदा बघून घ्या, त्यांच्या सल्फेटचा खडा कुठल्याच नेहमीच्या धुलाईला दाद देत नाही.

मीठभाकर

तलावात साचलेलं मीठ विकता येईल का?

निचरा

खाण्याचं किंवा जनावरांचं मीठ म्हणून अजिबात नाही. यात साध्या मिठाबरोबर सोडा आणि सोडियम सल्फेट मिसळलेलं असतं, शिवाय अँटिस्केलंट आणि बोअरमधून आलेले बाकीचे घटक. वेगळं करायला पुन्हा यंत्रं लागतील. तलावाची खोली ठरवताना पंधरा-वीस वर्षांचं मीठ आतच राहील असं धरा.

पागोळी

धागा पूर्ण वाचला. मूळ प्रश्नात पाणी सिंचनासाठी हवं आहे असं लिहिलंय, आणि त्या पाण्याच्या प्रतीबद्दल वर कुणी बोललंच नाही.

ढोबळी मिरचीला ईसी १.० पर्यंतच्या पाण्यात उत्पादन घटत नाही. आरओचं पाणी असतं ०.१. ०.१ चं पाणी थेट द्यायची गरज नाही आणि ते चांगलंही नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं. ३ भाग आरओ आणि १ भाग बोअर मिसळलं की ईसी १.० होतो. रोजचे ८००० लिटर हवे तर ६००० आरओ, २००० बोअर. निचरादादांच्या १८ लाखांत हे येतंच, पण जे सगळं ८००० लिटर आरओ करतात ते विनाकारण एक-तृतीयांश जास्त ब्राइन तयार करतात.

आता खरा मुद्दा. २० गुंठ्यांचं छप्पर म्हणजे २०२३ चौ.मी. पाऊस ७५० मिमी, त्यातला ८० टक्के हाती आला तरी १२ लाख लिटर. हे पाणी जवळजवळ क्षाररहित, आरओशिवाय. त्यात बोअरचं पाणी ईसी १.० होईल इतकं मिसळलं की साडेसोळा लाख लिटर होतं. वर्षाची गरज २४ लाख. उरले साडेसात लाख, त्यात आरओचं पाणी ५.६ लाख.

मग ब्राइन किती? ५० टक्क्यांवर ५.६ लाख लिटर, तलाव ९ गुंठे. ७० टक्क्यांवर २.४ लाख लिटर, तलाव ४ गुंठ्यांच्या आत. मग तलावात जाणारे क्षार आठ टनांवरून दोन टनांच्या आत.

चोपण

@पागोळी, फार मोलाचा हिशोब. एक भर. मिसळलेल्या पाण्याचा ईसी १.० झाला तरी एसएआर १४ वरून निम्मा, म्हणजे ७ राहतो. पाणी चौपट पातळ केलं की एसएआर निम्माच होतो, पाव नाही. ईसी १ आणि एसएआर ७ हे पाणी चिकण जमिनीत मुरायला त्रास देतं. बेडमध्ये जिप्सम मिसळा, आणि खतात कॅल्शियम नायट्रेट नेमानं ठेवा. मात्र सल्फेट आणि फॉस्फेटच्या खतांशी एकाच टाकीत ते मिसळू नका.

पॉलिहाऊसमध्ये पाऊस पडत नाही, म्हणून साचलेले क्षार धुवायला तुम्हालाच जास्तीचं पाणी द्यावं लागतं. ढोबळीला या पाण्यावर ते १५ टक्क्यांच्या आसपास येतं. सूत्र असं: पाण्याचा ईसी १.० भागिले (५ गुणिले ढोबळीला सोसणारा मातीचा ईसी १.५, वजा १.०). बेडखाली निचऱ्याचा पाइप नसेल तर हे १५ टक्के मुळांपाशीच बसून राहतील.

काळीमाती

सगळ्यांचे आभार. छपराचं पाणी आत्ता पन्हाळीतून थेट बाहेर जातं, ते आधी अडवायचं. त्यासाठी शेततळं केवढं लागेल? सगळे १२ लाख लिटर एकदम साठवावे लागणार नाहीत, पावसाळ्यातही रोज वापर आहेच.

आणि तळं झाल्यावर दुसरी पायरी बसवावी की ५० टक्क्यांवरच थांबून ९ गुंठ्यांचा तलाव करावा?

पागोळी

वर २२ × २२ मीटर, खोली ३ मीटर, काळ्या मातीत बाजूचा उतार १:१.५. काठोकाठ साडेनऊ लाख लिटरच्या आत बसतं. पुरेल. वर शेडनेट ताणा, नाहीतर उन्हाळ्यात वाफ होऊन बरंच जाईल आणि शेवाळानं ड्रिपर बुजतील. पन्हाळीनंतर पहिल्या पावसाचं पाणी वेगळं सोडायला बायपास हवा: छपरावरची धूळ आणि फवारणीचे अंश पहिल्या २-३ मिमीत धुऊन येतात, म्हणजे तुमच्या छपराला ४ ते ६ हजार लिटर.

पडदापंप

दुसऱ्या पायरीबद्दल: पाच गुंठे जमीन वाचते, त्या जमिनीचं आणि दुहेरी कापडाचं मोल विरुद्ध ३ मेंब्रेन, पंप, आम्ल आणि रोजची देखरेख. रोज नोंद ठेवणारा माणूस असेल तर बसवा: दाब, दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक, प्रवाह, ईसी. प्रवाह १० टक्के घटला किंवा दाबातला फरक १५ टक्के वाढला की लगेच २ टक्के सायट्रिक आम्लानं धुवायचं, पुढच्या रविवारची वाट बघायची नाही. अशी नोंद होणार नसेल तर ५० टक्केच ठेवा. आणि पावसाचं पाणी आल्यावर प्लांट वर्षातले काही महिने बंद राहील. तेव्हा मेंब्रेन गोड्या पाण्यानं धुऊन १ टक्का सोडियम मेटाबायसल्फाइटमध्ये ठेवा, आणि त्या द्रावणाचा सामू नेमानं बघत राहा. ३ च्या खाली गेला की द्रावण बदला.